जगभोजन मंडळाचे संस्थापक

सवय नसलेल्या माणसानं खोटं बोलू नये. सवयीचा माणूस जेवढ्यास तेवढं बोलतो आणि थांबतो. बिनसवयीचा एकदा सुटला की त्याला धरबंध राहत नाही. पाणीवाले काका त्या दिवशी फोनवर असेच सुटले.

पाणीवाले काका म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. इमारतीत कुणाचा नळ गळला की लोक अजूनही त्यांचंच दार वाजवायचे. काकांना नळातलं काही कळत नव्हतं, त्यांना तक्रारीतलं कळायचं. तरी ते पाना घेऊन जायचे, नळाकडे गंभीरपणे पाहायचे आणि "अर्ज करावा लागेल" असं सांगून परत यायचे. काकू गेल्यापासून त्यांचं दार एवढ्यासाठीच वाजायचं, त्यामुळे कुठे नळ गळतोय म्हटलं की काकांना जरा बरंच वाटायचं.

फोन मुलीचा होता. ती दुसऱ्या शहरात पुलांचे आराखडे करायची, आणि आता तिला समुद्रापलीकडच्या एका देशात मोठ्या पुलाचं काम चालून आलं होतं.

"बाबा, मी त्यांना नाही म्हणून कळवतेय," ती म्हणाली.

"का गं?"

"का म्हणजे? आत्ता निदान हाक मारली तर येता तरी येतं. तिकडे गेल्यावर काय? तुम्ही एकटे दिवसभर करणार काय?"

खरं उत्तर असं होतं की, काका सकाळी वर्तमानपत्र वाचत आणि दुपारी तेच शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे वाचत. पण पोरगी लहानपणी दोन पाटांवर पट्ट्या टेकवून पूल बांधायची आणि त्यावरून बापाच्या चपला चालवायची. तिनं बापापायी पूल सोडावा, हे काकांना काही केल्या पटेना. त्याच वेळी त्यांच्या हातात एक पत्रक होतं. दाराखालून कुणीतरी सरकवलेलं, जवळच्याच रस्त्यावर उघडलेल्या निरनिराळ्या देशांच्या खाणावळींचं. काकांची नजर पत्रकावर आणि जीभ भलतीकडे.

"एकटा? एकटा कुठला! अगं, आमचं मंडळ आहे ना."

"कसलं मंडळ?"

"जगभोजन मंडळ," काका म्हणाले. "दर रविवारी एका देशाचं जेवण. मागच्या रविवारी जपान झाला."

"तुम्ही जपानी खाल्लंत? तुम्ही?"

"कच्चा मासा," काका पत्रकावरून वाचत म्हणाले, "भाताच्या वळकटीत. हिरवी चटणी असते बाजूला. नाकातून जाते ती डायरेक्ट मेंदूत."

मुलीनं कोण कोण असतं म्हणून विचारलं. काकांनी इमारतीतली माणसं एकेक करून मंडळात भरती केली. वरच्या मजल्यावरचे ड्रिलमास्तर, समोरचे होमिओपॅथ डॉक्टर, इमारतीचे सेक्रेटरी, शिवाय तिघांच्या बायका. मग मुलीनं नाक ओढलं.

"बाबा, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मी होच म्हणते मग. आणि जायच्या आधी येते. एक रविवार तुमच्या मंडळाबरोबर जेवून जाते."

फोन ठेवल्यावर काका खुर्चीत बसले ते बसलेच. मुलीचं जाणं आता जगभोजन मंडळावर अवलंबून होतं आणि जगभोजन मंडळ जगात कुठेच नव्हतं.

आपल्या लोकांना नुसतं जेवायला चला म्हणा, शंभर सबबी सांगतील. कुणाचं पोट, कुणाचा पाहुणा, कुणाची मालिका. पण 'मंडळ काढू या' म्हणा, भरल्या ताटावरून उठून येतील. काका घाबरत घाबरत सेक्रेटरींकडे गेले. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. लेकीपुढे मारलेली थाप शेजाऱ्यांना सांगायची, तर आपण किती एकटे आहोत हेही सांगावं लागलं असतं, आणि तेवढी लाज त्यांच्यात शिल्लक होती. ते फक्त एवढंच म्हणाले की, आपण सगळ्यांनी मिळून रविवारी निरनिराळ्या देशांचं जेवायला जावं, अशी एक कल्पना आहे.

सेक्रेटरींचे डोळे चमकले. "घटना लागेल," ते म्हणाले.

पहिली सभा सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात भरली. खरं तर ती इमारतीच्या सभागृहात व्हायची होती. मंडळाचे नियोजित चिटणीस म्हणून सेक्रेटरींनी इमारतीच्या सेक्रेटरींना, म्हणजे स्वतःलाच, रीतसर अर्ज केला होता. पण अर्जावर अध्यक्षांची सही नव्हती, कारण अध्यक्षच निवडायचे होते. तेव्हा सेक्रेटरींनी त्रुटी काढून तो अर्ज स्वतःकडे परत पाठवला. "नियम आपल्याला एक आणि दुसऱ्याला एक असं मी करत नाही," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि काकांना मनापासून आदर वाटला.

अध्यक्षपदावरून डॉक्टर आणि ड्रिलमास्तर यांच्यात जुंपली. डॉक्टरांचं म्हणणं, प्रश्न पोटाचा आहे तेव्हा अध्यक्ष वैद्यकीय हवा. ड्रिलमास्तरांचं म्हणणं, प्रश्न शिस्तीचा आहे. दहा माणसं बाहेर जेवायला गेली की दहा दिशांना पांगतात, तेव्हा शिट्टी वाजवता येणारा अध्यक्ष हवा. शेवटी डॉक्टर अध्यक्ष आणि ड्रिलमास्तर कार्याध्यक्ष, अशी तोड निघाली. संस्थापक कोण, हा प्रश्न कुणाला पडला नाही. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. खुर्च्या जोड्यांनाच पुरल्या होत्या.

मग कुठला देश आधी, यावर चर्चा. डॉक्टर म्हणाले, सौम्याकडून तिखटाकडे जावं. ड्रिलमास्तर म्हणाले, नकाशावर एका टोकाला उभं राहावं आणि रांगेत सरळ चालत सुटावं. त्यांच्या बायकोनं मध्येच विचारलं, "समुद्र आला की उपास का?" त्यावर एक उपसमिती नेमण्यात आली.

आता इथे काकांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या सवयीनं घडवलं. काका नोकरीत असताना कार्यालयात सभा फार व्हायच्या. साहेब ठराव मांडायचे आणि अनुमोदन काका द्यायचे. ठराव काय आहे हे ऐकण्याची गरज नसे. वाक्य संपतंय असा सूर लागला की काकांचा हात वर जायचा. नोकरी संपली तरी हाताचं हे वळण काही गेलं नव्हतं. बँकेतल्या बाईनं "पुढचे या" म्हटलं तरी काकांच्या तोंडी 'अनुमोदन' येता येता राहायचं.

तर त्या सभेत सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "माझं एक म्हणणं आहे. हॉटेलातली टेबलं चौघांची नाही तर सहाजणांची असतात. जोडीजोडीनं बसलं की कसं, व्यवस्थित बसतं. शिवाय एकेकटी माणसं घेत सुटलो तर कोण कुठून येईल सांगता येत नाही. तर सभासदत्व फक्त जोडप्यांनाच द्यावं, असा ठराव मी मांडते."

वाक्य संपलं. काकांचा हात वर गेला.

"अनुमोदन!" काका खणखणीत आवाजात म्हणाले.

ठराव एकमतानं मंजूर झाला. शेवटी सेक्रेटरींनी सभेचा वृत्तांत वाचून दाखवला, तेव्हा कुठे गोंधळ कळला. "सभासदत्व फक्त दांपत्यांस राहील. सूचक, आमच्या सौभाग्यवती. अनुमोदक, पाणीवाले काका." सेक्रेटरी वाचता वाचता थांबले. सगळ्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं.

"म्हणजे काका मंडळात नाहीतच की!" ड्रिलमास्तर म्हणाले.

"तांत्रिकदृष्ट्या नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"अहो, पण काकांना वगळून कसं चालेल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मऊ स्वभावाच्या होत्या, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नसे.

"दुरुस्ती करता येईल," सेक्रेटरी म्हणाले. "पण आज नाही. विषयपत्रिकेवर तो विषय नाही. आणि काका, तुम्हीच अनुमोदन दिलंय. आता तुमच्याच ठरावाविरुद्ध तुम्हीच बोलणार म्हणजे जरा..."

"छे छे," काका हसून म्हणाले. "नियम तो नियम."

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर तक्रारीच्या खिडकीच्या आतल्या बाजूनं लोकांना ऐकवलं होतं. बाहेरच्या बाजूनं ते कसं लागतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. घरी आल्यावर ते बराच वेळ स्वयंपाकघरात उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं. रागबिग काही नाही, साधं सरळ वाईट वाटलं. आपणच काढलेल्या मंडळातून आपणच हात वर करून बाहेर पडलो, हे सांगून हसण्यासारखं होतं खरं, पण हसायला समोर कुणीतरी लागतं.

मात्र एक पळवाट निघाली. मुलगी येणार आहे, ती आणि मी मिळून दोघं होतो, असं काकांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरींना धरून सांगितलं. सेक्रेटरींनी विचार केला. बापलेक म्हणजे दांपत्य नव्हे, पण दोन डोकी होतात हे खरं. त्यांनी त्या एका रविवारपुरतं काकांना 'विशेष निमंत्रित' करून घेतलं. काकांनी त्यांचे इतके आभार मानले की, मंडळाचा पहिला रविवार मुलीच्या मुक्कामातलाच ठरवायलाही सेक्रेटरी तयार झाले.

देश ठरला इथिओपिया. कारण बाकीच्या सगळ्या देशांना कुणाची ना कुणाची हरकत होती, आणि इथिओपियाबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं. मात्र माहिती नसली म्हणून सल्ले थांबत नाहीत. डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या वाटल्या. त्या आदल्या दिवसापासून घ्यायच्या होत्या आणि घेताना इथिओपियाचा विचार करायचा नव्हता. काकांना रात्रभर दुसरं काही सुचलं नाही. ड्रिलमास्तरांनी जेवणाआधी करायचे पोटाचे व्यायाम दाखवले. सेक्रेटरीणबाईंनी प्रत्येकानं घरचा चमचा बरोबर घ्यावा, असं सुचवलं. देश परका असला तरी चमचा ओळखीचा असावा, हा त्यामागचा विचार.

मुलगी आली. तिची ती लगबग, ते फ्रीज उघडून आत बघणं, "बाबा, हे दूध कधीचं?" काकांनी फ्रीजमध्ये आदल्या दिवशी मुद्दाम दोन अनोळखी सॉसच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. त्या बघून तिनं समाधानानं मान हलवली. झाकणांची सीलं तुटलेली नाहीत, हे तिच्या लक्षात आलं नाही. निदान ती तसं बोलली तरी नाही.

खाणावळीत ड्रिलमास्तरांनी दारातच शिट्टी वाजवून सगळ्यांना रांगेत उभं केलं. मालकीण उंच, शांत बाई होत्या. त्यांनी एवढी शिस्तबद्ध गिऱ्हाइकं पाहिली नसावीत. त्यांनी सगळ्यांना बुटक्या स्टुलांवर गोल बसवलं आणि आधी एका टोपलीत मऊ, राखाडी, भोकाभोकांच्या गुंडाळ्या आणून ठेवल्या. सेक्रेटरी अनुभवी माणूस. त्यांनी एक गुंडाळी उचलली, उलगडली आणि चेहरा, मान, कानांच्या मागचा भाग स्वच्छ पुसून काढला.

"छान ऊबदार आहे. टॉवेल असाच हवा," ते म्हणाले.

ती भाकरी होती. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ती टोपली उचलून दुसरी आणली. मग मध्यभागी एक भलंमोठं ताट आलं. सगळ्यांत मिळून एकच. त्यावर तीच भाकरी अंथरलेली आणि तिच्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या कालवणांचे ढीग. "आमच्याकडे सगळे एकाच ताटात जेवतात," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि चमचे नाहीत." सेक्रेटरीणबाईंनी पर्समधून अर्धवट बाहेर काढलेला चमचा परत आत गेला.

मुलगी खूश होती आणि म्हणूनच धोकादायक होती. पहिल्याच घासानंतर तिनं डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टरकाका, जपान कसा वाटला तुम्हाला मागे?"

काकांच्या हातातला घास ताटात पडला. कारण मंडळाचा हा पहिलाच रविवार होता आणि जपानची थाप फक्त बापलेकींमधली होती. पण काकांना माणसांची पारख कमीच. डॉक्टर आयुष्यात कधी कुठल्याही प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणाले नव्हते.

"जपान ना? उत्तम," डॉक्टर म्हणाले. "पण वातूळ."

ड्रिलमास्तर मागे कसे राहतील? जपानला आपल्याला वगळून बाकीचे जाऊन आले असावेत अशी त्यांना शंका आली होती, आणि ती चारचौघांत कबूल करायची नव्हती. "त्या काड्यांनी जेवणं म्हणजे मनगटाचा पहिल्या प्रतीचा व्यायाम," ते ठासून म्हणाले. सेक्रेटरींनी "सर्व काही ठरावाप्रमाणे पार पडलं" असं जोडलं. काकांनी ताटात पडलेला घास पुन्हा उचलला. ज्या मंडळानं त्यांना सभासद करून घेतलं नव्हतं, त्याच मंडळानं त्यांची थाप एकमतानं मंजूर केली होती.

मग मालकीणबाईंनी एक रीत सांगितली. आमच्याकडे आपल्या हातानं घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालतात, गुरशा म्हणतात त्याला. माया असते तो घास भरवतो, आणि घास जितका मोठा तितकी माया मोठी. जोडपी लाजली. डॉक्टरांनी बायकोला गोळीएवढा घास भरवला. ड्रिलमास्तरांनी "एक, दोन, तीन, आऽ" असं म्हणून भरवला.

मुलीनं भाकरीचा तुकडा तोडला, त्यात सगळी कालवणं थोडी थोडी घेतली आणि बापापुढे हात केला. काकांनी तोंड उघडलं. घास तिखट होता, आंबट होता, चांगला होता. पण तो गिळता येईना. कुणाच्या हातचं तोंडात पडून किती दिवस झाले होते, हे त्यांना एकदम आठवलं. ते चावत राहिले. तिखट लागलं असं समजून मुलीनं पाणी पुढे केलं आणि काकांनीही ते तसंच समजू दिलं.

आता काकांची पाळी. त्यांनी मुलीसाठी घास करायला घेतला. आयुष्यातला सगळ्यात मोठा घास करावा, असं त्यांच्या मनात होतं. भाकरी तोडता तोडता, भरता भरता तो लिंबाएवढ्याचा नारळाएवढा व्हायला आला. तेवढ्यात शेजारून सेक्रेटरीणबाई मुलीला प्रेमानं म्हणाल्या, "बरं झालं बाई तू आलीस. तू आलीस म्हणून काकांना येता तरी आलं. नाहीतर आमच्या मंडळात एकट्या माणसाला..."

"म्हणजे?" मुलीनं वळून विचारलं.

"अगं म्हणजे नियमच आहे ना, की एकट्या माण..."

पुढचं अक्षर बाहेर पडलं नाही. काकांच्या हातातला तो सगळा घास सेक्रेटरीणबाईंच्या तोंडात गेला होता.

जे झालं ते काकांच्या डोक्यानं केलं नव्हतं, हातानं केलं होतं. त्या हाताची खोड आपल्याला माहीत आहेच. पण पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं की, पाणीवाले काकांनी सेक्रेटरींच्या देखत सेक्रेटरींच्या बायकोला आजवरचा सगळ्यात मोठा घास भरवला. मालकीणबाईंना फार आनंद झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या दोघींनाही बघायला बोलावलं. सेक्रेटरीणबाईंचे गाल फुगले होते, डोळे गोल झाले होते. त्यांना आत घेता येईना आणि बाहेर काढता येईना. सेक्रेटरींचा चेहरा तेवढ्यातल्या तेवढ्यात लाल, पिवळा, हिरवा होऊन गेला.

"काय हो हे काका?" ते म्हणाले.

"रीत आहे इथली," काका म्हणाले.

मुलगी मात्र हसत सुटली. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं. परत येताना तिनं काकांचा हात धरला होता. "बाबा, मला वाटलं होतं त्यापेक्षा तुम्ही जास्तच रमलायत," ती म्हणाली. "आता मी निश्चिंत जाते." काका 'हो' म्हणाले. तिनं जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं. दोन्ही ठरावांना अनुमोदन होतं, पण मांडता येण्यासारखा एकच होता.

मुलगी गेली. ती गेल्यावर पहिलं पत्र जे आलं, ते मंडळाचं. जिन्यातून हातानं देता येण्यासारखं असूनही ते पोस्टानं आलं होतं. 'मंडळाच्या पहिल्याच भोजनप्रसंगी आपण सन्माननीय सभासद भगिनीस परवानगीशिवाय घास भरवलात, त्याबाबत आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.' काकांनी अशा नोटिसा हजारो काढल्या होत्या. मसुदा चांगला होता, फक्त शेवटी 'मुदतीत' हा शब्द राहिला होता. खरा खुलासा त्यांना करता येण्यासारखा नव्हता. त्यांनी 'अनवधानाने' एवढंच लिहून पाठवलं. तो खुलासा असमाधानकारक ठरला आणि विशेष निमंत्रितांचा दर्जा कायमचा काढून घेण्यात आला. तसाही तो एकाच रविवारपुरता होता.

जगभोजन मंडळ मात्र जोरात चाललं. दर रविवारी संध्याकाळी जिन्यात शिट्टी वाजायची आणि जोडपी दोनदोनच्या रांगेनं खाली उतरायची. काका दाराआड उभे राहून पावलं ऐकत. मुलीचा फोन रविवारीच येणार आणि आज कुठला देश, काय खाल्लं, हे विचारणार. तेव्हा मंडळी परत येताना काका हातात कचऱ्याची बादली घेऊन सहज जिन्यात सापडायचे. बादली बहुतेकदा रिकामीच असायची.

"काय ड्रिलमास्तर, आज कुठे?"

"कोरिया!" ड्रिलमास्तर म्हणायचे. "लाल कोबीचं लोणचं. काय ताकद आहे त्यात! दोन जोर जास्त निघतील."

काका ते घरी आणून मुलीला जसंच्या तसं द्यायचे, वर थोडी पदरची फोडणी घालून. एका रविवारी त्यांनी ठरवलं की, दुसऱ्याच्या जिभेवर किती दिवस जेवायचं? ते एकटेच निघाले आणि त्या रस्त्यावरच्या एका स्विस खाणावळीत गेले. चीज वितळवलेलं भांडं मध्ये मंद आचेवर ठेवून त्यात पाव बुडवून खातात, असं पत्रकात होतं. वेटरनं विचारलं, "किती जण?" काका म्हणाले, "एक." वेटर अदबीनं म्हणाला, "ते भांडं कमीत कमी दोघांसाठी असतं, सर. अर्धं पेटवता येत नाही." काकांनी एकदा दाराकडे पाहिलं, कुणीतरी यायचं असावं तसं. मग पोट जरा बरं नाही असं पुटपुटून ते उठले. घरी येऊन त्यांनी कपात दूध घेतलं आणि त्यात पाव बुडवून खाल्ला. बुडवणं तेच होतं. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला स्वित्झर्लंडचं इतकं बहारदार वर्णन ऐकवलं की, तिला म्हणे भूक लागली.

असे रविवार जात राहिले. तिकडे मुलीनंही मंडळ जमवलं होतं. कचेरीत दहा देशांची माणसं, सुट्टीच्या दिवशी कुणा एकाच्या घरी जमतात, आपापल्या देशाचं शिजवतात, असं ती भरभरून सांगायची. मेक्सिकोची एक मुलगी आहे, ती मक्याच्या पोळ्या हातावर थापते. कुणी लेबनॉनचा आहे, तो वांगी जाळावर भाजतो. काका ऐकायचे आणि त्यांचा जीव निवायचा. आपल्या थापेचं सोनं झालं म्हणायचे.

आणि मग एका रविवारी फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आज सगळे माझ्याकडेच आलेत. घरात नुसता गोंधळ चाललाय. थांबा हं, फोन मध्ये ठेवते, ऐका."

काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. तिकडे फ्रीज घुमत होता. घड्याळ टिकटिकत होतं. एक चमचा एका वाडग्याला लागला, थांबला, पुन्हा लागला. त्याखेरीज काही नव्हतं. कुणी खोकलं नाही, कुणाची खुर्ची सरकली नाही.

काकांनी खिडकीमागे बसून आयुष्यभर माणसांचं खोटं ऐकलं होतं. शिवाय हे विशिष्ट खोटं त्यांच्या घरचंच होतं. मेक्सिकोच्या मुलीची पोळी, लेबनॉनच्या माणसाचं वांगं, सगळं भराभर त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. कुठल्यातरी पत्रकावरून वाचलेलं. पोर तिथे एकटी जेवत होती. आज नव्हे, पहिल्या रविवारपासून. काकांच्या ओठांवर आलं, 'अगं, कुणी नाहीये तिथे. ये निघून.' पण तसं म्हणायचं तर तुम्हाला कसं कळलं, हेही सांगावं लागलं असतं. मग इकडचं मंडळही मोडलं असतं आणि तिकडचा पूल अर्धा राहिला असता.

"ऐकू आलं का?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच आनंदी होता.

"येतंय की," काका म्हणाले. "बरीच मंडळी दिसतात. आणि तो मोठ्यानं हसतोय तो कोण गं?"

पलीकडे चमचा वाडग्यात ठेवल्याचा आवाज आला.

"तो... तो आमचा इटलीचा," मुलगी म्हणाली.

"मोकळा माणूस वाटतो."

"हो. फार मोकळा आहे." ती थांबली. "बाबा, तुमच्याकडून आज काहीच आवाज येत नाही. आज रविवार ना?"

"अगं, सगळे इथेच आहेत. आज जेवताना बोलायचं नाही, असा ठराव झालाय."

ती हसली. मग तिचा आवाज बारीक झाला. "सगळ्यांना माझा नमस्कार सांगा बाबा."

काकांच्या समोर टेबल होतं, टेबलावर सांडशीनं धरून आणलेलं पातेलं आणि त्यात एकट्यापुरतं सूप होतं. पलीकडे तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. काकांनी फोन तोंडापासून जरासा दूर धरला आणि सभेत बोलतात तशा आवाजात म्हणाले, "ऐकलंत का हो? नमस्कार सांगतेय ती सगळ्यांना."

मग दोघंही काही बोलले नाहीत. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. तिकडचा चमचा पुन्हा वाडग्याला लागू लागला. काकांनी फोन पातेल्याजवळ उभा करून ठेवला, चमचा हातात घेतला, आणि तिला ऐकू जावा म्हणून तो दर घासाला पातेल्यावर जरा मोठ्यानं वाजवत जेवायला सुरुवात केली.